मुलाखतीत 'आय अ‍ॅम व्हेरी एलिजिबल' म्हटलं, तर बिघडलं काय?

प्रश्न : मी कराडजवळच्या एका गावची. सगळं शिक्षण मराठी माध्यमातून. बी.एस्सी., बी.एड. झालं, टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर 2017 मध्येच पास झाले. दोन वर्षं गावाकडच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवलं. गेल्या महिन्यात पुण्याच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मुलाखत होती. 'आम्ही तुम्हालाच का घ्यावं?' असं इंग्रजीत विचारलं. मी म्हणाले, 'बिकॉज आय अ‍ॅम व्हेरी एलिजिबल फॉर धिस पोस्ट.' समोरच्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. नोकरी मिळाली नाही. घरी येऊन डिक्शनरी उघडली. एलिजिबल म्हणजे पात्र, लायक, योग्य. क्वालिफाइड म्हणजेही पात्र, लायक. सुटेबल म्हणजे योग्य, लायक. कॉम्पिटंट म्हणजे सक्षम, लायक. मग मी चुकीचं काय बोलले? आता दुसऱ्या शाळेत मुलाखत आहे. तिथे यातला कुठला शब्द वापरू? आणि टीईटी इतकी जुनी झाली, ती चालेल का? शिवाय माझी आत्या लग्नाच्या बायोडेटात 'एलिजिबल गर्ल' लिहायचं म्हणते आहे. तेही सांगा.

उत्तर : हसायला नको होतं. उमेदवार समोर बसलेला असताना एकमेकींकडे बघून हसणाऱ्या माणसांचं इंग्रजी कितीही चांगलं असो, रीत चांगली नाही. पण तुम्ही विचारलंय ते भाषेबद्दल, तेव्हा तिकडेच वळते.

गडबड 'एलिजिबल'मध्ये नव्हती, 'व्हेरी'मध्ये होती. आणि त्याहून जास्त, हा शब्द कोणी कोणाबद्दल वापरायचा, त्यात होती.

एलिजिबल हा नियमाचा शब्द आहे. कुठेतरी एक यादी असते: वय इतकं, शिक्षण इतकं, उत्पन्न इतक्याच्या आत. त्या यादीत बसलात तर एलिजिबल, नाही बसलात तर नाही. मधलं काही नाही, कमी-जास्तही नाही. लाडकी बहीण योजनेचं बघा. वय 21 ते 65, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, वगैरे अटी. सेतू केंद्रातल्या रांगेत उभी असलेली बाई एक तर पात्र असते, नाही तर अपात्र. 'मी शेजारणीपेक्षा जास्त पात्र आहे' असं कोणी म्हणालं तर रांगेतल्या बायकाही हसतील. तुमचं 'व्हेरी एलिजिबल' इंग्रजी कानाला तसंच लागलं.

दुसरी गोष्ट. तुम्हाला मुलाखतीला बोलावलं, तेव्हाच तुम्ही एलिजिबल आहात हे त्यांनी ठरवलेलं होतं. अर्ज चाळून, बी.एड. बघून, टीईटी बघून. त्यामुळे 'तुम्हालाच का घ्यावं' याला 'मी एलिजिबल आहे' हे उत्तरच होत नाही. बाहेर बसलेल्या सगळ्याच एलिजिबल होत्या. लोकलचा पास असला की गाडीत चढता येतं, बसायला जागा मिळेलच असं नाही. त्यांनी तुम्हाला जागेबद्दल विचारलं आणि तुम्ही पास दाखवलात.

या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे, 'निवडणे' या अर्थाच्या क्रियापदात. इलेक्शन आणि इलीट हे त्याच घरातले. म्हणजे एलिजिबल माणूस निवडला गेलेला नसतो, त्याला निवडायला हरकत नसते, एवढंच. फोनवर 'यू आर एलिजिबल फॉर अ लोन ऑफ अप टू फाइव्ह लॅख' असा मेसेज येतो तेव्हा कर्ज मंजूर झालेलं नसतं. अर्ज करायला हरकत नाही, इतकंच त्यात म्हटलेलं असतं. पगाराच्या स्लिपा, सिबिल स्कोअर, जामीनदार, हे सगळं अजून पुढेच असतं. मतदानाचंही तेच. 18 वर्षं पूर्ण झाली की पात्र मतदार. पण यादीत नाव नसेल तर मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत यावं लागतं.

शिक्षक असल्यामुळे तुम्हाला हा फरक इतरांपेक्षा लवकर कळायला हवा, कारण आपल्याकडच्या शिक्षक भरतीत तो अगदी उघडा पडलेला आहे. टीईटी ही पात्रता परीक्षा. 150 गुण, खुल्या गटाला 60 टक्के मिळाले की पास. तिथे 91 मिळाले काय आणि 130 मिळाले काय, दोघी सारख्याच पात्र. सरकारच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून नोकरी लागते ती मात्र टेटच्या गुणांवर, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या. ती 200 गुणांची, आणि तिथे एकेक गुण मोलाचा. टीईटीचं काम एलिजिबल ठरवणं, टेटचं काम क्रम लावणं. नावं ठेवणाऱ्यांनी इथे तरी नेमकी नावं ठेवली, याबद्दल मला कौतुक आहे. कॉलेजांकडे बघा. प्राध्यापकपदासाठीच्या नेट, सेट या पात्रता परीक्षा पास होऊन तासिका तत्त्वावर राबणारी मुलं मोर्चाच्या फलकावर स्वतःला 'पात्रताधारक' म्हणवतात. पात्रता हातात आहे आणि पद नाही, हे त्या एका शब्दात आलं.

आता क्वालिफाइड. हा शिक्षणाचा, प्रशिक्षणाचा शब्द. डिग्री, डिप्लोमा, परवाना, जे तुम्ही कमावलंय ते. सरकारी जाहिरातीत 'शैक्षणिक अर्हता' असं जे लिहितात, ते हे. माणूस क्वालिफाइड असून एलिजिबल नसू शकतो, आणि उलटही. वीस वर्षं शाळेत शिकवणारा, डी.एड. झालेला शिक्षक क्वालिफाइड आहे यात शंका नाही. पण सुप्रीम कोर्टाने 1 सप्टेंबर 2025 ला निकाल दिला की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि पाच वर्षांहून जास्त नोकरी शिल्लक असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी पास व्हावंच लागेल. ज्यांची पाच वर्षांहून कमी राहिली त्यांची नोकरी चालू राहील, पण टीईटीशिवाय बढती मिळणार नाही. म्हणजे क्वालिफाइड आहेत, अनुभवी आहेत, पण बढतीसाठी एलिजिबल नाहीत. तो निकाल बरा की वाईट हा वेगळा विषय, तो स्टाफरूममध्ये काढा, मला त्यात ओढू नका.

आपली राज्यघटना हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात वापरते. 58 व्या अनुच्छेदाचा इंग्रजी मजकूर असा आहे की राष्ट्रपतीपदाच्या निवडणुकीला तोच माणूस 'एलिजिबल', जो भारताचा नागरिक आहे, ज्याला 35 वर्षं पूर्ण आहेत आणि जो लोकसभेचा सदस्य म्हणून निवडून यायला 'क्वालिफाइड' आहे. घटना लिहिणाऱ्यांनी तिथे लोकसभेसाठी लागणाऱ्या अर्हतेला क्वालिफाइड म्हटलं आणि सगळ्या अटी मिळून जे ठरतं त्याला एलिजिबल. डिक्शनरीत दोन्हींपुढे 'पात्र' लिहिलेलं असलं तरी वापरणाऱ्यांनी ते वेगळे ठेवलेत.

क्वालिफाइडला 'वेल' किंवा 'हायली' लागतं. 'शी इज वेल क्वालिफाइड' हे शुद्ध, रोजचं इंग्रजी आहे. कारण शिक्षण कमी-जास्त असू शकतं. तुम्हाला त्या मुलाखतीत बहुधा हेच म्हणायचं होतं.

जाता जाता या शब्दाची एक खोडी सांगते, कारण ती पुष्कळांना अडचणीत आणते. तुमच्या पतसंस्थेच्या वार्षिक अहवालात ऑडिटरने 'क्वालिफाइड ओपिनियन' दिलं असं वाचलंत तर पेढे वाटू नका. तिथे क्वालिफाइडचा अर्थ 'काही आक्षेप राखून' असा होतो. हिशेबात कुठेतरी पाणी मुरतंय असं ऑडिटर सांगतोय. तिथे चांगलं असतं ते 'अनक्वालिफाइड'. आणि गल्लीतला डॉक्टर अनक्वालिफाइड असला तर? तर दुसरा डॉक्टर शोधा.

सुटेबल हा नियमाचाही नाही, कागदाचाही नाही. जमण्याचा आहे. ही जागा आणि हा माणूस, यांचं जमेल का? दोन बायका सारख्याच शिकलेल्या असतील, पण बालवाडीतल्या मुलांपुढे एक रमेल आणि दुसरीला तासाभरात घाम फुटेल. हे ठरवायचा अधिकार समोरच्यांचा, पण तुम्ही कारण देऊ शकता. 'आय थिंक आय विल बी सुटेबल फॉर धिस रोल, बिकॉज...' असं सुरू केलं की 'बिकॉज'च्या पुढे काहीतरी सांगणं भाग पडतं. तुमच्या उत्तरात नेमकं तेच राहिलं होतं.

कॉम्पिटंटपासून जरा सावध. दाखल्यांवर 'सक्षम प्राधिकारी' असतो तो कॉम्पिटंट अथॉरिटी, तिथे तो अधिकाराचा शब्द आहे. रोजच्या बोलण्यात मात्र एखाद्या शिक्षिकेला 'कॉम्पिटंट' म्हटलं तर कौतुक होतं ते बेताचंच. काम निभावते, तक्रार नाही, इतपत. स्वतःबद्दल तर नकोच. त्याऐवजी 'केपेबल' किंवा 'कॉन्फिडंट' घ्या, आणि कशात ते सांगा.

एन्टायटल्ड तर बिलकूल नको. तो हक्काचा शब्द. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात तो चपखल बसतो: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेलं असेल तर बाई त्या लाभाची हक्कदार. तिथे मालकाची मेहेरबानी नाही, त्याला द्यावंच लागतं. एलिजिबल आणि एन्टायटल्ड यांत फरक हाच. पहिल्यात मिळू शकतं, दुसऱ्यात मिळालंच पाहिजे. पण 'आय अ‍ॅम एन्टायटल्ड टू धिस पोस्ट' असं मुलाखतीत म्हणालात तर नोकरी बापजाद्यांची आहे असं सांगितल्यासारखं होईल. आणि आजकालची तरुण मुलं 'ही इज सो एन्टायटल्ड' म्हणतात ते तर सरळ नाव ठेवणंच असतं. सगळं आयतं मिळायला हवं असा तोरा असलेल्या माणसासाठी.

राहिला 'फिट'. तो आपण केव्हाच मराठी करून टाकलाय. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि क्रिकेटचा संघ सोडून इतरत्र त्याची गरज पडणार नाही.

नकाराच्या बाजूलाही थोडं थांबायला हवं, कारण तिथे आपली माणसं उगाच दुखावतात. डिक्शनरीने एलिजिबलला 'लायक' म्हटलं म्हणून इनएलिजिबल म्हणजे नालायक होत नाही. मराठीत नालायक ही शिवी आहे. इंग्रजीत इनएलिजिबल हा शिक्का आहे, त्याला राग-लोभ नाही. वय दोन महिन्यांनी जास्त भरलं की जगातला सगळ्यात हुशार माणूसही इनएलिजिबल. अर्जावर तो शब्द आला तर रडू नका, कुठली अट अडली ते विचारा. आणि डिस्क्वालिफाइड त्याहूनही वेगळा. आधी आत होता, मग बाहेर काढला. 7 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट 50 किलो गटाच्या अंतिम फेरीआधी वजन 100 ग्रॅम जास्त भरल्याने बाद झाली, तेव्हा मराठी बातम्यांनी 'अपात्र' लिहिलं. आमदारांच्या पक्षांतराच्या खटल्यांनाही आपण 'अपात्रता प्रकरण' म्हणतो. इंग्रजीत ही दोन्ही डिस्क्वालिफिकेशनची उदाहरणं. इनएलिजिबल नव्हेत, कारण विनेश आदल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत गेली होती आणि आमदार रीतसर निवडून आलेले होते. मराठीत एकाच 'अपात्र'वर आपलं भागतं, संदर्भाने कळतं. इंग्रजी लिहिताना मात्र निवडावं लागतं.

उच्चाराचंही बघा. 'एलिजिबल'मध्ये जोर पहिल्या 'ए'वर. तो जोर पुढे सरकून 'इलेजिबल' झालं की अर्थच पालटतो. इलेजिबल म्हणजे वाचता न येणारं, जसं काही डॉक्टरांचं अक्षर. ऑनलाइन अर्जाला 'डॉक्युमेंट इलेजिबल' असा शेरा आला तर तुम्ही अपात्र ठरलेल्या नसता, झेरॉक्स पुसट आलेली असते. पुन्हा स्कॅन करून चढवा.

आणि पुढचं अव्यय. मराठीत 'पदासाठी पात्र' आणि 'अर्ज करायला पात्र' दोन्ही सहज जमतं, म्हणून इंग्रजीत आपण 'टू' आणि 'फॉर' हवे तसे टाकतो. पुढे नाम आलं तर 'फॉर': 'एलिजिबल फॉर द पोस्ट'. क्रियापद आलं तर 'टू': 'एलिजिबल टू अप्लाय'. (अमेरिकेच्या घटनेत राष्ट्राध्यक्षपदाबद्दल 'एलिजिबल टू दॅट ऑफिस' असं आहे, पण ती अठराव्या शतकातली भाषा. तुम्ही तशी बोललात तर परत हसतील.) एन्टायटल्डला मात्र दोन्हीकडे 'टू'. तुम्ही त्या दिवशी 'फॉर' अगदी बरोबर लावला होतात, याचं कोणी कौतुक केलं नसेल, मी करते.

आत्याचं ऐकू नका. पण त्या म्हणतात त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. लग्नाच्या बाजारात या शब्दाने आपला नियम मोडलेला आहे. 'मोस्ट एलिजिबल बॅचलर' असं इंग्रजी मासिकं बिनदिक्कत छापतात. तिथे एलिजिबल कमी-जास्त होतो, कारण तिथे यादी कायद्याची नसते, आयांच्या मनातली असते. आपला 'उपवर' फक्त लग्नाचं वय झालंय एवढंच सांगतो. इंग्रजीतल्या या एलिजिबलमध्ये पगार, घर, रूप, खानदान सगळं गुंडाळलेलं असतं. पण हा शब्द दुसऱ्याने बोलायचा. मावशीने शेजारणीला सांगावं, शेजारणीने भावजयीला. आपणच आपल्या बायोडेटाच्या डोक्यावर 'एलिजिबल गर्ल' लिहिलं तर जाहिरात होते, आणि तीही जरा घाईतली वाटते. नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, गाव, अपेक्षा. वाचणाऱ्याला आकडेमोड येते.

आता तुमची मुलाखत. अर्जासोबतच्या पत्रात एक ओळ नियमाची चालेल: 'आय मीट द एलिजिबिलिटी क्रायटेरिया फॉर द पोस्ट.' एकच, आणि ती पत्रात. तोंडी बोलताना नको. समोरून 'तुम्हालाच का' असं आलं की पात्रतेची बाजू एका वाक्यात उरका: 'आय हॅव अ बी.एड. अँड आय हॅव क्लिअर्ड द टीईटी.' मग लगेच कामावर या: 'आय हॅव टॉट सायन्स टू क्लासेस सिक्स टू एट फॉर टू इयर्स.' आणि इथून पुढे एक खरा प्रसंग सांगा, तुमच्या शाळेतला. प्रयोगशाळा नसताना घरातल्या वस्तू घेऊन एखादा प्रयोग केला असेल. चुंबकत्व, आम्ल-अल्कली, जे असेल ते. हळदीच्या पाण्यात साबण घालून रंग लाल झालेला बघून पोरांनी काय विचारलं, ते सांगा. व्याकरण थोडं इकडे-तिकडे झालं तरी चालेल. विशेषणं संपूर्ण वगळलीत तरी चालेल. ज्याला स्वतःच्या वर्गाबद्दल तीन मिनिटं बोलता येतं त्याला 'व्हेरी'ची गरज पडत नाही. प्रसंग इंग्रजीत आधी मोठ्याने दोन-चारदा म्हणून बघा, आरशासमोर नको, घरातल्या कोणालातरी बसवून. आत्या रिकाम्या असतील तर त्यांनाच बसवा, बायोडेटापेक्षा हे काम त्यांच्याकडून चांगलं होईल.

टीईटीच्या वर्षाची काळजी सोडा. पूर्वी प्रमाणपत्राची मुदत सात वर्षं असायची. 2021 मध्ये केंद्राने ती आयुष्यभरासाठी केली, तीही 2011 पासूनच्या प्रमाणपत्रांना मागे जाऊन लागू केली. तुमचं 2017 चं त्यात आपोआप आलं. कोणी 'मुदत संपली ना?' असं विचारलंच तर हे सांगा, आणि मूळ प्रमाणपत्र सोबत ठेवा, नुसती झेरॉक्स नको.